शुगरची गोळी आणि समोरचं ताट

मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं आणि महाग म्हणून मागे राहिलेली ही गोळी एकदम आवाक्यात आली. त्याआधी 2019 मध्ये विल्डाग्लिप्टिन, 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिन आणि 2022 मध्ये सिटाग्लिप्टिनच्या बाबतीत हेच झालं होतं. पेशंटच्या खिशाला बरं झालं, पण औषधांच्या डब्यात गर्दी झाली. पूर्वी मधुमेहाची एक नाहीतर दोन औषधं असायची. आता तीन-चार असतात, आणि त्यातली दोन-तीन एकाच गोळीत कोंबलेली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार देशात मधुमेह असलेले लोक 10 कोटी 10 लाख आहेत. गोव्यात तर हे प्रमाण प्रौढांमध्ये 26.4 टक्के, देशात सगळ्यात जास्त. त्यामुळे औषधाच्या दुकानात रोज एक प्रश्न कानावर पडतोच: "ही जेवणाआधी की नंतर?" आणि त्याच्या पाठोपाठ व्हॉट्सॲपवरून आलेले दुसरे: दुधासोबत चालते का, चहासोबत चालते का, कारल्याचा रस घेतला तर गोळी बंद करता येईल का.

या गोळ्यांच्या बाबतीत एखादा पदार्थ खाल्ला म्हणून औषध बिघडलं, असं फार क्वचित होतं. घोटाळा होतो तो न खाल्लेल्या जेवणामुळे, उशिरा झालेल्या जेवणामुळे, आणि आपल्या गोळीत नक्की काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे.

## कोणती गोळी कुठे काम करते

रक्तातली साखर दोन वाटांनी येते. एक, आपण खातो त्या भात-पोळी-बटाट्यातून, आतड्यामार्गे. दुसरी वाट बहुतेकांच्या लक्षात नसते: यकृत. आपण उपाशी असतो तेव्हा, रात्री झोपेतसुद्धा, यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं. इन्शुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारं संप्रेरक (हार्मोन) या साखरेला पेशींमध्ये पोचवतो आणि यकृताला आवर घालतो.

मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताचं साखर बनवणं कमी करतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही मंडळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' असलेलीही तेच करवून घेतात, पण वेगळ्या तऱ्हेने. व्होग्लिबोज आणि अकार्बोज आतड्यात बसून पिष्टाचं (स्टार्चचं) पचन लांबवतात. 'ग्लिफ्लोझिन' असलेली औषधं मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर काढतात. जागा निरनिराळ्या, म्हणून जेवणाशी असलेलं नातंही निरनिराळं. "शुगरची गोळी कधी घ्यायची" या प्रश्नाला एकच उत्तर नाही ते यामुळेच.

ग्लिप्टिनचा निकाल लगेच लावून टाकू: सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर, औषधाला फरक पडत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ मात्र रोज तीच ठेवा, म्हणजे विसरायला होत नाही.

## मेटफॉर्मिन: पोटात काहीतरी असू द्या

मेटफॉर्मिन उपाशीपोटी घेतलं तर ते काम करतं, पण पोट कुरकुरतं. मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव, ही सुरुवातीच्या आठवड्यांतली नेहमीची तक्रार. म्हणून ते जेवताना किंवा जेवण झाल्याबरोबर घ्यायचं. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल तर ती सावकाश विरघळणारी गोळी आहे. ती जेवणासोबत, बहुधा रात्रीच्या, घेतली की चांगली शोषली जाते. ती तोडायची, कुटायची किंवा चघळायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

या एसआर गोळीची एक गंमत आहे. काहींना शौचात अख्खी गोळी दिसते आणि "औषध विरघळतच नाही, कंपनी बोगस आहे" म्हणत ते दुकानात येतात. तो नुसता सांगाडा असतो. औषध आतड्यात सुटून गेलेलं असतं आणि वरचं न पचणारं आवरण तेवढं बाहेर पडतं.

दुधासोबत चालते का? चालते. चहासोबतही चालते, पण तो चहा म्हणजे जेवण नव्हे. नुसत्या चहावर गोळी घेऊन कामाला लागलात तर पोट तक्रार करणारच.

दुधाचा संबंध आहे तो वेगळ्याच ठिकाणी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की अन्नातलं बी-12 जीवनसत्त्व कमी शोषलं जातं. बी-12 नैसर्गिकरीत्या मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून. ज्या घरात अंडंही चालत नाही आणि "शुगर आहे" म्हणून दूधही बंद केलंय, तिथे ही कमतरता ठरलेली. पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आणि सगळे म्हणतात शुगरमुळे नसा गेल्या. असेलही. पण निम्मं कारण बी-12 असू शकतं, आणि ते भरून काढता येतं. लांबच्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांनी अधूनमधून बी-12 तपासावं, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शनातही आहे. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करायला रक्त देता त्याच वेळी हीही तपासणी सांगता येते.

## ग्लिमेपिराइड: जेवण चुकलं की फसगत

या औषधांचं घराणं सापडलं तेच एका अपघातातून. 1942 मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे टायफॉइडच्या रुग्णांना एक सल्फा औषध दिलं जात होतं. जंतू मारण्यासाठी दिलेल्या त्या औषधाने रुग्णांची साखर धोकादायक खाली जाऊ लागली. त्याच धाग्यावरून पुढे मधुमेहाच्या या गोळ्या निघाल्या. म्हणजे साखर पाडणं हा यांचा जन्मजात गुण, आणि ती कुठे थांबवायची हे यांना कळत नाही.

सोसायटीतला पाण्याचा पंप आठवा. सेन्सर असलेला पंप टाकी भरली की आपोआप बंद होतो. ग्लिप्टिन तसं: साखर वाढली तरच इन्शुलिनला धक्का देतं, उतरली की गप्प बसतं. ग्लिमेपिराइड म्हणजे वॉचमनने बटण दाबून सुरू केलेला पंप. टाकी भरो, वाहो, त्याला घेणंदेणं नाही. गोळी पोटात गेली की इन्शुलिन सुटणार, समोर ताट असो वा नसो.

म्हणून ही गोळी नाश्त्याच्या किंवा पहिल्या मुख्य जेवणाच्या तोंडावर घ्यायची, म्हणजे ताट वाढलेलं असताना. "अर्धा तास आधी" म्हणून गोळी घेतली, तेवढ्यात कोणी पाहुणे आले, मग गॅस संपला, मग जेवायला तीन वाजले, हा प्रकार धोक्याचा. साखर 70 च्या खाली जायला लागली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छातीत धडधडतं, भुकेने जीव कासावीस होतो. आणखी खाली गेली की माणूस विसंगत बोलायला लागतो, चिडतो, झोपाळतो. वयस्कर माणसांत आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत औषध शरीरात जास्त रेंगाळतं. ग्लिबेनक्लामाइड त्यात सगळ्यात चिवट, म्हणून ज्येष्ठांना ते सहसा देत नाहीत.

याच्याच जवळचं, पण झटपट येऊन झटपट जाणारं रेपाग्लिनाइड. ते जेवणाआधी 15 ते 30 मिनिटं घेतात आणि त्याचा नियम सरळ आहे: जेवण नाही, तर गोळीही नाही.

## "शुगर लो झाली, साखर तोंडात टाकली. मग उतार का पडला नाही?"

हा भाग नीट वाचा, कारण आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधं एकत्र असलेली गोळी सर्रास दिली जाते, आणि घेणाऱ्या कित्येकांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

आपली रोजची साखर म्हणजे दोन छोट्या साखरांची जोडी: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. ही जोडी आहे तशी रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर बसलेलं एक पाचक द्रव्य ती तोडतं, तेव्हा कुठे ग्लुकोज रक्तात शिरतं. व्होग्लिबोज आणि अकार्बोजचं कामच मुळी हे पाचक द्रव्य अडवून ठेवणं. जेवणानंतर साखर उसळत नाही ती त्यामुळेच.

आता प्रसंग बघा. दुपारचं जेवण लांबलं, ग्लिमेपिराइडने साखर पाडली, हात कापायला लागले. घरच्यांनी धावत जाऊन दोन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, नाहीतर गुळाचा खडा दिला, पेढा भरवला. नेहमी पाच-दहा मिनिटांत जो उतार पडतो तो पडत नाही, कारण साखर, गूळ, पेढा यांतली जोडी तोडणारंच बांधलेलं आहे. साखर पोटात आहे, रक्तात नाही. घरचे आणखी साखर पाजतात, आणि मौल्यवान वेळ जातो.

अशा वेळी लागतं ते सरळ ग्लुकोज, ज्याला तोडावं लागत नाही. औषधाच्या दुकानातली साधी, बिनफ्लेवरची ग्लुकोज पावडर, डब्यावर डेक्स्ट्रोज असं लिहिलेली. साधारण तीन चहाचे चमचे, म्हणजे 15 ग्रॅम, पाण्यात. 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. फ्लेवरचे डबे घेताना घटक वाचा, काहींत साधी साखर मिसळलेली असते. मधात सुटं ग्लुकोज असतं, त्यामुळे हाताशी दुसरं काही नसेल तर मध चालेल. दुधातली साखर वेगळ्या पाचक द्रव्याने तुटते, ते या गोळ्या अडवत नाहीत, म्हणून दूधही उपयोगी पडतं, पण सावकाश. सावरल्यावर मात्र जेवण करायचंच. आणि माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

ही पावडर देवघरातल्या साखरेच्या वाटीसारखी घरात पडून राहून उपयोग नाही. पाकिटात, स्कूटरच्या डिकीत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एकेक पुडी हवी.

नुसतं व्होग्लिबोज घेणाऱ्यांना साखर खाली जाण्याची भीती फारशी नसते. त्यांची तक्रार दुसरी: पोट फुगणं आणि गॅस. न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जंतू त्यावर ताव मारतात, त्याचा हा गॅस. गोळी पहिल्या घासाबरोबरच घ्यायला हवी. जेवण उरकल्यावर आठवली तर तिचा फारसा उपयोग नाही.

## संकष्टीला काय करायचं?

'एकादशी दुप्पट खाशी' हे मधुमेह्यांसाठीच लिहून ठेवल्यासारखं आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत बटाटा, सोबत रताळ्याचा कीस, वर केळं आणि खजूर. अशा उपवासाला साखर वर जाते, खाली नाही. त्यापेक्षा वरी मर्यादेत, दाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर जास्त बरी.

संकष्टीची गोष्ट उलटी. "औषधाने उपवास मोडत नाही" म्हणून सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी पाण्याबरोबर घेतली जाते. दिवसभर चहा, फार तर एखादं फळ. आणि चंद्रोदय रात्री नवाच्या आगेमागे. गोळीने दिवसभर इन्शुलिन सोडलेलं असतं आणि ताट मोदकांसकट रात्री येतं. संध्याकाळी चार-पाचला चक्कर येणारे उपासकरी यातलेच. उपाय उपवास सोडणं हाच आहे असं नाही. आधीच्या आठवड्यात डॉक्टरांना विचारलं तर ते त्या दिवसाची सकाळची गोळी कमी करतात, रात्रीच्या जेवणावर नेतात किंवा वगळतात. रमजानमध्येही याच धर्तीवर गोळ्यांची विभागणी इफ्तारकडे झुकवतात, आणि आजारी माणसाला रोज्यातून सूट कुराणातच दिलेली आहे. हे बदल स्वतःच्या मनाने मात्र करू नयेत, कारण प्रत्येकाचा डोस आणि मूत्रपिंडाची स्थिती वेगळी.

निर्जळी उपवास किंवा नवरात्रातले पाण्यावरचे नऊ दिवस यांत खरा धोका डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांचा. ही औषधं पोटात काही नसतानाही लघवीतून साखर आणि पाणी काढत राहतात. शरीर मग इंधनासाठी चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागते. फसवणूक अशी की ग्लुकोमीटरवर साखर 160-180 दिसते, म्हणजे "ठीकच आहे". ठीक नसतं, ही इमर्जन्सी असते. पिष्ट जवळपास बंद करणाऱ्या कीटो डाएटचाही हाच धोका, आणि जिममधला ट्रेनर डाएट चार्ट देताना गोळ्या विचारत नाही. उलट्या-जुलाबांनी खाणं-पिणं सुटलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी ही गोळी, आणि पुष्कळदा मेटफॉर्मिनसुद्धा, थांबवायला सांगतात. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन तीन दिवस बंद ठेवतात, तेही याच कारणाने. वारीला उन्हातान्हात चालणाऱ्यांनी तर या गोळीविषयी निघण्याआधीच विचारून घ्यावं.

जाता जाता: या गोळ्यांवर असताना लघवीच्या तपासणीत साखर येणारच. तो रिपोर्ट बघून घाबरू नका, गोळी तिचं काम करतेय एवढंच.

## "आठवड्यातून एकदाच घेतो"

दारूत साखर असते म्हणून ती वाईट, असा एक समज आहे. मग "मी व्हिस्की सोड्याबरोबर घेतो, कोल्ड्रिंक नाही" असं समर्थन येतं. मुद्दा साखरेचा नाहीच. यकृत दारू पचवण्यात गुंतलं की नवीन साखर बनवण्याचं काम बाजूला पडतं. वर ग्लिमेपिराइडने इन्शुलिन सोडलेलं, आणि जेवणाऐवजी चखणा. साखर मध्यरात्री, पहाटे, अगदी दुसऱ्या दिवशीही कोसळू शकते. अडखळती जीभ, तोल जाणं, घाम, गुंगी ही साखर कमी झाल्याची लक्षणं आणि चढल्याची लक्षणं सारखीच दिसतात. मित्र म्हणतात, "झोपू दे त्याला." आपल्याला गोळ्या चालू आहेत हे सोबतच्या एकाला तरी ठाऊक असावं.

मेटफॉर्मिनबरोबर जास्त दारू झाली तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचू शकतं. हे क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. रोज पिणारे आणि यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेले यांनी ही शक्यता हसण्यावारी नेऊ नये. घ्यायचीच असेल तर थोडी, जेवणाबरोबर, आणि झोपण्यापूर्वी साखर तपासून.

## "कारलं, मेथी, जांभूळ तर नैसर्गिक आहेत ना?"

मेटफॉर्मिनचं मूळही एका वनस्पतीतच आहे. युरोपात 'गलेगा' नावाच्या झुडपाचा जुना वापर होता, त्यातल्या द्रव्यांच्या अभ्यासातून ही औषधं निघाली. वनस्पतीत ताकद असते, म्हणूनच तिचा डोस मोजावा लागतो.

कारल्याची भाजी, मेथीची भाजी, मोसमातली जांभळं खुशाल खा. प्रश्न येतो तो अनशापोटी पेलाभर कारल्याचा रस, वर मेथीची पूड, आणि पाठोपाठ ग्लिमेपिराइड अशा मिश्रणाचा. सगळ्यांचा रोख एकाच दिशेने, आणि रसाचा डोस कोणी मोजलेला नाही. मेथीदाण्याचा बुळबुळीत तंतू दुसऱ्या गोळ्यांचं शोषणही लांबवू शकतो, म्हणून गोळी आणि मेथीत थोडं अंतर ठेवा. घेताय हे डॉक्टरांना सांगा, तुमची साखर कशामुळे उतरली हे त्यांना कळायला हवं.

खरी भीती बिनलेबलच्या पुड्यांची. "सात दिवसांत शुगर नॉर्मल" म्हणणाऱ्या 'हर्बल' मालात ग्लिबेनक्लामाइडसारखी औषधं चोरून मिसळल्याचं वेगवेगळ्या देशांत उघड झालेलं आहे. पुडीने साखर झपाट्याने उतरली तर आनंद होण्याआधी संशय यावा.

## आणि ते ग्रेपफ्रूट?

इंटरनेटवरच्या इशाऱ्यांत ग्रेपफ्रूट हटकून असतं. आपल्याकडे ते कोण खातं? पण गणपतीच्या दिवसांत कोकणात पपनस सोलला जातोच, आणि तो त्याचाच जवळचा नातलग. या फळांतली काही द्रव्यं आतड्यातलं औषध मोडणारं एक विकर बंद पाडतात, त्यामुळे काही औषधं रक्तात जास्त चढतात. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांत रेपाग्लिनाइडवर थोडाफार परिणाम होऊ शकतो, मेटफॉर्मिनवर नाही. मधुमेह्यांना सोबत दिली जाणारी कोलेस्ट्रॉलची ॲटोर्वास्टॅटिन मात्र या यादीत आहे. चार फोडींनी काही होत नाही, रोज फळ किंवा रस नको.

## चहाआधी अर्धा तास

एक गोळी या सगळ्यांपेक्षा वेगळी: तोंडाने घ्यायचं सेमाग्लुटाइड, भारतात 2022 पासून मिळणारं. हे प्रथिनाच्या जातीचं औषध, पोटात टिकणं आणि शोषलं जाणं मुळात अवघड. म्हणून त्यात शोषणाला मदत करणारा एक घटक घातलेला असतो, आणि जठर रिकामं असेल तरच तो काम करतो. सकाळी उठल्यावर, अर्धा पेला म्हणजे जास्तीत जास्त 120 मिली साध्या पाण्याबरोबर गोळी अख्खी गिळायची. नंतर किमान 30 मिनिटं काही नाही: चहा नाही, लिंबूपाणी नाही, भिजवलेले बदाम नाहीत, दुसरी गोळीसुद्धा नाही. पाणी जास्त प्यायलं तरी शोषण घटतं. असं औषध सकाळच्या बेड टीबरोबर घेणं म्हणजे ते मोरीत ओतण्यातच जमा.

अडचण उरते ती थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांची, कारण तीही अनशापोटीच हवी असते. दोन्ही एकदम घेतल्या तर थायरॉइडच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. कोणती कधी घ्यायची हे दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांसमोर ठेवून ठरवून घ्या, आणि काही आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करायला हवी का, हेही तिथेच विचारा.